विखुरलेल्या लाटांचा हिशेब

इ. स. १९३८ च्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस सातपुड्याच्या परिसरांत एक मोठा भूकंप झाला. त्याची मात्रा सव्वासहाच्या सुमारास होती आणि त्याचें उगमस्थान भूपृष्ठाखालीं सुमारें ४० किलोमीटर खोल होतें. हादरा इतक्या खोलीवरून निघाल्यामुळें तो खानदेशापुरता राहिला नाहीं. दूरदूरच्या प्रांतांतील लोकांनाही तो जाणवला. हिंदुस्थानांतील वेधशाळांच्या भूकंपमापक यंत्रांनीं त्याची नोंद घेतली. चार वर्षांनीं, १९४२ सालीं, एस. एम. मुखर्जी यांनीं या भूकंपाचा शास्त्रीय अभ्यास बंगलोरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

भूकंपलेख म्हणजे कागदावरील एक वांकडीतिकडी रेघ. तींत प्रथम एक लहान झटका दिसतो. ही दाबाची लाट. कांहीं वेळानें दुसरा, मोठा झटका येतो. ही जमिनीस आडवी हलविणारी लाट. शिरपूरहून मुंबई सरळ रेषेनें सुमारें साडेतीनशें किलोमीटर आहे. एवढें अंतर तोडण्यास पहिल्या लाटेस सुमारें एक मिनिट लागतें, तर दुसरीस दीड मिनिट किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. या दोन झटक्यांमधील वेळावरून उगमाचें अंतर काढतां येतें. परंतु झटके ओसरल्यावरही रेघ एकदम सरळ होत नाहीं. कितीतरी वेळ ती थरथरत राहते आणि हळूहळू निवते. त्या काळच्या शास्त्रज्ञांनीं झटके मोजले आणि ही शेपटी सोडून दिली. त्यांत त्यांचा कांहींच दोष नव्हता. ती शेपटी वाचण्याचें गणितच अजून तयार व्हावयाचें होतें. तें गणित कसें जन्मास आलें, कोणाकोणाच्या हातून वाढलें आणि अखेर भूकंपाच्या अभ्यासास कसें येऊन मिळालें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

लाट सरळ येऊन सरळ निघून कां जात नाहीं, याचें कारण जमिनीच्या घडणींत आहे. शिरपूर तालुक्याची भूमि वरवर पाहतां सपाट दिसते. परंतु तिचें पोट एकजिनसी नाहीं. तापीच्या कांठीं गाळाचे जाड थर आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशीं डोंगरांतून वाहून आलेल्या दगडगोट्यांची भर आहे. त्याखालीं सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ओतलेल्या लाव्ह्याचे थरावर थर आहेत. धुळें-नंदुरबारच्या भागांत तर या थरांस चिरून वर आलेल्या काळ्या दगडाच्या दोनशेंहून अधिक भिंती भूशास्त्रज्ञांनीं नोंदविल्या आहेत. त्यांना ते डाइक म्हणतात. असा प्रत्येक गोटा, प्रत्येक भेग आणि प्रत्येक भिंत येणाऱ्या लाटेचा थोडा थोडा अंश भलत्याच दिशेस फेकून देते. या क्रियेस प्रकीर्णन असें नांव आहे.

एका यात्रेच्या दृष्टान्तानें ही गोष्ट स्पष्ट होईल. दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजाराकरितां ती दूरवर प्रसिद्ध आहे. त्या गर्दींत शंभर माणसें एकाच वेळीं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघालीं अशी कल्पना करावी. ज्यांस वाट मोकळी सांपडली तीं आधीं पोंचतील. ज्यांस धक्के बसून इकडे तिकडे वळावें लागलें तीं मागाहून, एकेक करून येतील. कांहीं तर मिठाईच्या दुकानाशीं रमतील आणि येणारच नाहींत. पलीकडच्या टोकास उभा असलेला मनुष्य गर्दींत न शिरतां, केवळ कोण केव्हां आला एवढें टिपून, गर्दी किती दाट होती हें सांगूं शकेल काय? अस्ताव्यस्त कणांनीं भरलेल्या पदार्थांतून लाट कशी जाते, हा प्रश्न नेमका याच स्वरूपाचा आहे. मग ती लाट प्रकाशाची असो, ध्वनीची असो, कीं भूकंपाची असो.

या प्रश्नाचा आरंभ भूकंपापासून झाला नाहीं. तो आकाशाच्या रंगापासून झाला. १८६९ च्या सुमारास जॉन टिंडॉल यानें कांचेच्या नळींत अतिसूक्ष्म कणांचा ढग उत्पन्न करून त्यांत प्रकाशाचा झोत सोडला, तेव्हां बाजूनें पाहणारास तो ढग निळसर दिसला. चुलीच्या धुराची हीच गोष्ट आहे. अंधाऱ्या भिंतीपुढें तो निळा दिसतो, आणि त्याच धुरांतून सूर्याकडे पाहिलें तर तो तांबूस वाटतो. १८७१ सालीं जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच पुढें लॉर्ड रॅले या नांवानें प्रसिद्धीस आलेला विद्वान्, यानें याचें गणित मांडलें. कण जर लाटेच्या लांबीहून पुष्कळच लहान असेल, तर तो आंखूड लाटांस फार अधिक विखुरतो. लांबी निमपट झाली कीं विखुरणें सोळापट होतें. निळ्या प्रकाशाची लांबी तांबड्याच्या सुमारें दोनतृतीयांश आहे. म्हणून तो तांबड्याच्या सुमारें पांचपट विखुरतो आणि आकाश निळें दिसतें. १८९९ सालीं रॅलेनेंच दाखविलें कीं, यासाठीं धुळीचीही गरज नाहीं. हवेचे रेणूच हें काम करण्यास पुरेसे आहेत.

समुद्राचा निळेपणा मात्र रॅलेच्या मतें आकाशाचें प्रतिबिंब होता. हें मत खोडण्याचा मान भारताकडे आला. १९२१ च्या सप्टेंबरांत चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून नारकुंडा या जहाजानें परत येत होते. त्यांनीं निकोलच्या लोलकानें पृष्ठभागावरून परावृत्त होणारा प्रकाश अडवून पाहिला. तरीही समुद्राचा निळा रंग कायम राहिला. तेव्हां हा रंग पाण्याच्याच पोटांतून येतो, असा त्यांनीं निष्कर्ष काढला, आणि मुंबई बंदरांत जहाज लागतांच त्याविषयींचें पत्र इंग्लंडच्या नेचर या पत्राकडे धाडलें. स्वच्छ पाण्यांत कण कोठले? परंतु पाण्याचे रेणू सदैव हालचाल करीत असल्यामुळें क्षणभर येथें दाटी तर तेथें विरळपणा, अशी स्थिति असते. हीं क्षणिक दाटीचीं स्थळेंच कणांप्रमाणें प्रकाश विखुरतात. आइनस्टाइन यानें १९१० सालीं या क्रियेचें सूत्र दिलेलें होतें.

रामन यांच्या कलकत्त्याच्या प्रयोगशाळेंत याच विषयावर के. आर. रामनाथन हे तरुण संशोधक काम करीत होते. १९२३ सालीं अत्यंत शुद्ध केलेल्या द्रवांतून सूर्यप्रकाश जातांना त्यांना एक अतिमंद, निराळ्या रंगाचा उजेड आढळला. प्रथम तो अशुद्धतेचा परिणाम वाटला. परंतु द्रव कितीही शुद्ध केला तरी तो नाहींसा होईना. या कोड्याचा उलगडा १९२८ च्या २८ फेब्रुवारीस झाला. तोच रामन-परिणाम होय. त्यासाठीं १९३० सालीं रामन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यास मळ समजून गाळून टाकावयाचें, त्यांतच नवें सत्य दडलेलें असतें, याचें हें ठळक उदाहरण आहे. योगायोग असा कीं, हेच रामनाथन १९२५ सालीं हवामानखात्यांत गेले, त्यांनीं पुढें मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची धुरा वाहिली, आणि १९३५ च्या क्वेट्ट्याच्या भूकंपाचा अभ्यास त्यांनीं मुखर्जी यांच्याच सहकार्यानें केला. कुलाब्यास १८९८ पासून भूकंपमापक यंत्र होतें. एकाच मनुष्यानें प्रकाशाचें प्रकीर्णनही पाहिलें आणि भूकंपाच्या रेघाही वाचल्या; परंतु या दोहोंस जोडणारा पूल तेव्हां बांधला गेला नव्हता.

त्या पुलासाठीं दोन खांब हवे होते. पहिला खांब म्हणजे एका मोठ्या कणाचा संपूर्ण हिशेब. रॅलेचा नियम अतिसूक्ष्म कणांपुरताच आहे. ढगांतील थेंब किंवा दुधांतील स्निग्ध गोळ्या यांना तो लागू पडत नाहीं, म्हणून ढग आणि दूध निळीं न दिसतां पांढरीं दिसतात. १८९० सालीं डेन्मार्कच्या लुडविग लोरेंत्सनें आणि १९०८ सालीं जर्मनीच्या गुस्टाव्ह मी यानें कोणत्याही आकाराच्या गोलावरून लाट कशी विखुरते, हें पूर्णपणें सोडवून दाखविलें. मी याच्यापुढें प्रश्न होता तो पाण्यांत तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांच्या रंगांचा.

दुसरा खांब अधिक अवघड होता. एक कण समजला म्हणून कोट्यवधि कण समजले असें होत नाहीं. एका कणानें फेकलेली लाट दुसऱ्यावर आदळते, तेथून तिसऱ्यावर जाते, आणि कित्येकदां पहिल्याकडेच परत येते. प्रत्येक कणाचें स्थान ठाऊक असल्याशिवाय हें गणित सुटावयाचें नाहीं, आणि तें स्थान तर कोणासच ठाऊक नसतें. यावर दोन वाटा निघाल्या. पहिली वाट आर्थर शुस्टर यानें १९०५ सालीं धुक्यांतून जाणाऱ्या प्रकाशासाठीं काढली. तिच्यांत लाटेचे चढउतार सोडून द्यावयाचे आणि केवळ शक्तीची देवघेव मोजावयाची: किती पुढें गेली, किती मागें फिरली, किती शोषली गेली. हीच वाट रामन यांचे पुतणे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं ताऱ्यांच्या वातावरणासाठीं प्रशस्त केली. त्यावरील त्यांचा महान् ग्रंथ १९५० सालीं प्रसिद्ध झाला.

दुसरी वाट युद्धानें दाखविली. दुसऱ्या महायुद्धांत समुद्राखालीं ध्वनि सोडून पाणबुड्या शोधीत असत, आणि पाण्यांतील बुडबुडे त्या ध्वनीस विलक्षण अडथळा करीत. लेस्ली फोल्डी या अमेरिकन शास्त्रज्ञानें अशा अस्ताव्यस्त विखुरलेल्या कणांतून जाणाऱ्या लाटेचें गणित १९४५ सालीं मांडलें. त्याची युक्ति अशी: कणांची खरी मांडणी ठाऊक नाहीं ना, मग शक्य तितक्या सर्व मांडण्यांची कल्पना करावी, आणि त्या सर्वांतील लाटांची सरासरी घ्यावी. ही सरासरी लाट एखाद्या एकजिनसी पदार्थांतून गेल्यासारखी वागते. तिला स्वतःचा एक वेग असतो आणि ती स्वतःच्या एका प्रमाणानें क्षीण होते. अस्ताव्यस्त पदार्थाच्या जागीं एक काल्पनिक एकजिनसी पदार्थ बसवितां आला. १९५२ सालीं मेल्व्हिन लॅक्स यानें दाट कणांसाठीं ही रीत सुधारली. आजही ध्वनि किंवा प्रकाश वापरून मिश्रणांतील कण मोजणारीं यंत्रें याच विचाराच्या आधारानें चालतात.

तथापि सरासरीचा एक धर्म ध्यानांत ठेवावयास हवा. तालुक्याच्या सरासरी पावसाचा आंकडा खोटा नसतो; परंतु नेमका तेवढाच पाऊस कोणत्याही एका शेतावर पडलेला नसतो. तसेंच, सरासरी लाट कोणत्याही एका यंत्राच्या कागदावर कधीं उमटत नाहीं. यंत्र टिपतें तें एका प्रत्यक्ष भूमींतून आलेली एक प्रत्यक्ष लाट. फोल्डीच्या हिशेबांत सरासरी लाट क्षीण होत जाते. पण तिची हरवलेली शक्ति सारीच नष्ट झालेली नसते. तिच्यांतील मोठा भाग इतस्ततः विखुरून अजून माध्यमांत भटकत असतो. सरासरी घेतांना जें गळून पडलें तें हेंच. भूकंपलेखाची शेपटीही हेंच सांगत होती.

१९६७ च्या ११ डिसेंबरास पहाटें कोयनेचा भूकंप झाला. त्यांत सुमारें १८० माणसें दगावलीं, आणि स्थिर समजलेल्या दख्खनच्या भूमीविषयींचा विश्वास डळमळला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९६९ सालीं, केइइती आकी या जपानी शास्त्रज्ञानें कॅलिफोर्नियांतील लहान भूकंपांच्या नोंदी तपासून एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. यंत्र उगमापासून जवळ असो कीं कांहींसें दूर असो, भूकंपानंतर पुरेसा वेळ गेल्यावर त्या प्रदेशांतील सर्व शेपट्या एकाच रीतीनें निवतात. याचा अर्थ असा कीं, शेपटी उगमाची कथा सांगत नाहीं; ती भूमीची कथा सांगते. यात्रेंतील मागाहून येणारीं माणसें कोठून निघालीं यापेक्षां गर्दी कशी होती हें अधिक सांगतात, तद्वत्. १९७५ सालीं आकी आणि बर्नार्ड शुए यांनीं भूकवच म्हणजे सर्वत्र अस्ताव्यस्त अडथळ्यांनीं भरलेला पदार्थ, असें मानून शेपटीचें सोपें गणित दिलें. त्यांतून एक गुणांक निघतो. तो मोठा असला तर लाटा दूरवर टिकतात. लहान असला तर लवकर विरतात.

भारतांतील शास्त्रज्ञांनीं कोयनेच्या असंख्य लहान धक्क्यांस हें गणित लावलें. तेथील गुणांक कंपनसंख्येबरोबर वाढत जातो असें आढळलें. ज्या नोंदी पूर्वीं झटके मोजून बाजूस ठेवल्या असत्या, त्याच आतां सह्याद्रीच्या पोटांतील खडकांची साक्ष देऊं लागल्या. दख्खनच्या द्वीपकल्पाचें कवच जुनें व घट्ट आहे. हिमालयाच्या मोडलेल्या कवचापेक्षां त्यांत लाटा सर्वसाधारणपणें दूरवर टिकतात. १९३८ चा सातपुड्याचा हादरा इतक्या दूर कां पोंचला, याचें उत्तर उगमाच्या खोलींत जसें आहे तसें या गुणधर्मांतही आहे.

परंतु एक पेंच उरला. लाट विरली, ती विखुरल्यामुळें कीं शोषली गेल्यामुळें? यात्रेचा दृष्टान्त पुन्हां आठवावा. न आलेला मनुष्य गर्दींत अडकला आहे कीं दुकानाशीं रमला आहे, हें केवळ त्याच्या अनुपस्थितीवरून कळत नाहीं. आकीच्या सोप्या गणितानें हा भेद होत नव्हता. १९८५ सालीं रु-शान वू यानें त्यासाठीं शक्तीच्या देवघेवीचें तें जुनें गणित भूकंपाकडे आणलें. शुस्टरनें जें धुक्यासाठीं आरंभिलें आणि चंद्रशेखरांनीं जें ताऱ्यांसाठीं पूर्णतेस नेलें, तेंच आतां खडकांच्या उपयोगी पडलें. शक्ति अंतराप्रमाणें आणि वेळेप्रमाणें कशी वांटली गेली हें पाहिलें, कीं विखुरणें आणि शोषण हीं वेगळीं काढतां येतात. रामनाथन यांच्या काळीं न बांधला गेलेला पूल अशा रीतीनें पुरा झाला.

या गणिताची व्याप्ति पृथ्वीपुरतीही नाहीं. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. तिच्यांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. स्पंदक म्हणून ओळखले जाणारे तारे रेडिओलहरींचे ठोके नियमितपणें पाठवितात. ते ठोके ताऱ्यांमधील विद्युत्कणांच्या विस्कळित मेघांतून येतांना विखुरतात, आणि नोंदींत प्रत्येक ठोक्यास मागें एक शेपटी फुटते. रेडिओलहर जितकी लांब तितकी शेपटी मोठी. त्या शेपटीवरून मधल्या मेघांचें स्वरूप कळतें. सातपुड्याच्या खडकांतून आलेली लाट आणि हजारों प्रकाशवर्षें चाललेली लहर या दोहोंचा हिशेब एकाच वहींत मांडतां यावा, ही या शास्त्राची खरी थोरवी होय.

या विद्येचें अंतिम मोल मात्र मनुष्याच्या घरापाशींच ठरावयाचें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीस भूकंप झाला. त्याची मात्रा सातपुड्याच्या भूकंपाएवढीच होती. परंतु त्याचा उगम उथळ होता, आणि दगडमातीच्या जड भिंती कोसळून हजारों माणसें झोपेंतच गाडलीं गेलीं. खानदेशांतील जुनीं धाब्याचीं घरेंही मातीच्या जड छपराचीं असतात. शोषली गेलेली लाट उष्णतेंत विरून जाते, तिच्यापासून घरास भय नसतें. विखुरलेली लाट मात्र नाहींशी होत नाहीं. ती फिरून फिरून येते आणि पहिल्या झटक्यानें खिळखिळी झालेली भिंत पुढें कितीतरी वेळ हलवीत राहते. म्हणून कोणत्या भूमींत किती विखुरणें आणि किती शोषण, हा प्रश्न निव्वळ पंडितांचा नव्हे. घर बांधणाऱ्या गवंड्यासही त्याच्या उत्तराशीं कर्तव्य आहे. भूकंप केव्हां होईल हें शास्त्रास आजही सांगतां येत नाहीं. झाला तर हादरा किती अंतरावर किती जोरानें पोंचेल आणि किती वेळ टिकेल, याचा अंदाज मात्र करतां येतो, आणि त्या अंदाजाचा पाया लहान लहान धक्क्यांच्या याच शेपट्यांवर घातलेला आहे. सातपुड्याचा पुढचा हादरा येण्यापूर्वीं तापीच्या कांठचीं घरें त्या अंदाजाप्रमाणें बळकट व्हावींत, एवढें काम आतां शास्त्रज्ञांचें नव्हे, समाजाचें आहे.